माडाच्या पातीचा क्रूस

भाजावळीचा धूर नाकात गेला की मला कळतं, इंत्रूज जवळ आला. माघ सरत आलेला असतो. गावाबाहेर शेतकरी जमिनीच्या तुकड्यांवर शेण, पातेरा, वाळक्या फांद्या पसरून पेटवून देतात. पुढच्या पावसात तिथं भाताचं रोप उठायचं असतं. तो धूर कातळावरून हळूहळू खाली उतरतो, आंब्याच्या मोहोरात शिरतो आणि शाळा सुटायच्या सुमाराला आमच्या वर्गापर्यंत येतो. मुली पदर नाकाला लावून खोकतात. ‘बाई, खिडकी लावू?’ म्हणून विचारतात. मी नको म्हणते. त्यांना वाटतं, बाईंना वारा हवा असतो.

त्यांना शिमग्याचे वेध लागलेले असतात आणि मला इंत्रूजचे. इंत्रूज म्हणजे आम्हा किरिस्तावांचे उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधीचे तीन दिवस. रविवार, सोमवार, मंगळवार. खायचं ते खाऊन घ्या, नाचायचं ते नाचून घ्या, सोंगं काढायची ती काढून घ्या. बुधवारी पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली की हसणं, मटण आणि वाजंत्री सगळंच बंद, ते थेट ईस्टरपर्यंत. आमच्या शेजारच्या भंडारीण काकी याला ‘किरिस्तावांचा शिमगा’ म्हणत. ते काही फारसं चूक नव्हतं. रत्नागिरीसारख्या गावात आमची घरं ती किती, हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. पण त्या तीन दिवसांत आम्ही आवाज मात्र साऱ्या गावाला पुरेल एवढा करत असू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी जात्याच हेवेखोर आहे. लहानपणी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संत आंतोनीच्या पुतळ्याच्या कडेवर बसलेल्या बाळाचासुद्धा मला हेवा वाटे, कारण त्याला कुणी कधी खाली उतरवत नसे. माझ्या मैत्रिणीला नवी लेसची ओढणी मिळाली की माझी जुनी मला आपोआप टोचू लागे. पुढं दोत्रीनीच्या, म्हणजे धर्मशिकवणीच्या वर्गात पाद्रीबाबांनी सांगितलं, की आपला देव मत्सरी आहे, त्याला आपल्यावाचून दुसऱ्या कुणाची पूजा केलेली खपत नाही. मला फार बरं वाटलं. मी उठून विचारलं, ‘देवाला मत्सर चालतो, तर मग तो पापात कसा मोजता?’

पाद्रीबाब गोव्याकडचे, स्वभावानं गरीब, डोळ्यांनी अधू. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग म्हणाले, ‘देवाक तो शोबता. तुका शोबना. बस सकयल.’

मी बसले. पण माझं समाधान काही झालं नाही, आणि ते आजतागायत झालेलं नाही.

मी सांगते आहे तो इंत्रूज माझ्या बाराव्या की तेराव्या वर्षाचा. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात माझी आई तापानं गेली. माझे वडील पाववाले. आमच्याकडं पाववाल्याला पदेर म्हणतात. घर पुढं आणि भट्टी मागं. आमची मंडळी मूळची वेंगुर्ल्याकडची, त्यामुळं घरातली बोलीही तिकडचीच. भंडाऱ्याकडून रोज ताजी माडी यायची, तिच्यावर पीठ फुगवायचं. त्या पिठाला गोडसर आंबूस वास असे आणि तोच आईच्या हातांना येई. साहेबांच्या बंगल्यावर, बंदरावरच्या हॉटेलात, मुसलमान मोहल्ल्यात आमचा पाव जाई. सोवळ्यातल्या घरांत कुणी आजारी पडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर मागच्या दारानं तिथंही जाई. आई पीठ मळी, वडील भट्टी सांभाळत. ती गेल्यावर मळणंही वडिलांवर आलं. ते पीठ मळताना कुणाशी बोलत नसत. पाव घट्ट होऊ लागला. हॉटेलवाल्यानं एकदा तो टेबलावर आपटून दाखवला.

भट्टीला बाई हवी, चुलीला बाई हवी, पोरीला बाई हवी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मला कुणी विचारलं नाही. आमच्यात उपासाच्या दिवसांत लग्न लागत नाही. तेव्हा करायचं तर इंत्रूजच्या आधी, नाही तर मग ईस्टरनंतर, आणि तोवर भट्टी टिकेल की नाही अशी वेळ आलेली. वडिलांनी घाई केली. लग्नाआधी तीन रविवार देवळात चिटी वाचतात: अमक्याचा मुलगा अमका, अमक्याची मुलगी अमकी, यांचं लग्न ठरलं आहे, कुणाला काही हरकत ठाऊक असेल तर पुढं येऊन सांगावी. वडिलांचं नाव घेताना पाद्रीबाब ‘विदूर’, म्हणजे विधुर, म्हणाले. तो शब्द आमच्या घरातल्या माणसासाठी मी पहिल्यांदा ऐकला. हरकत मला ठाऊक होती. माझी आई. पण तिला पुरलेलं सगळ्या देवळानं पाहिलं होतं. मी गुडघ्यांवर बसून पुढच्या बाकाची कड नखांनी उकरत राहिले.

वडिलांशी लग्न ठरलेली नाताल वेंगुर्ल्याहून आगबोटीनं आली. बोट खोल पाण्यात थांबली आणि पडावातून माणसं धक्क्यावर आली, तशी तीही आली. एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातानं लुगड्याचा सोगा सावरलेला. वय तिशीच्या आसपास. नाकीडोळी बरी होती, हे मला लगेच दिसलं आणि लगेच खुपलं. तीही पदेराचीच मुलगी, हे तर मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. लग्न साधं झालं. घरी आल्यावर वडील मला म्हणाले, ‘हिका मावशी म्हण.’

मी काहीच म्हटलं नाही. पुढंही म्हटलं नाही. तिच्याशी काही काम पडलं, तर मी तिच्यासमोर जाऊन उभी राही आणि ती वर बघेपर्यंत थांबे. ती वर बघे आणि मला काय हवं ते बहुतेक वेळा न विचारताच देई. त्याचाही मला राग येई.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती भट्टीत उतरली. कोपरापर्यंत हात धुतले, माडीचा वास घेऊन बघितला, आणि पीठ मळायला बसली. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, फुगू नको, फुगू नको, फुगू नको. ज्या परातीत आईचे हात फिरले ती परात, तेच पीठ, तीच माडी. यांना थोडी तरी चाड असेल, असं मला वाटलं होतं. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पीठ असं काही फुगलं, की वरचा फडका उचलला गेला. वडिलांनी पहिला पाव मोडून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आई असताना ते असे डोळे मिटत असत. ते डोळे मिटणं आमच्या घरातलं होतं, ते असं दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील असं मला वाटलं नव्हतं.

भंडारीण काकींना माझा चेहरा वाचता येई. कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, ‘नव्याचे नऊ दिवस असतात गो बाय. वाईच दम धर.’ मी दम धरला. नऊ दिवस गेले, आणखी बरेच दिवस गेले, वर्षं गेली. नातालच्या हातचा पाव आजही तसाच होतो. तो चांगला होतो, हे मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही. शाळेत डब्यातला पाव पाहून कुणी विचारलं, तर मी ‘आमच्या भट्टीतला’ म्हणून सांगते.

इंत्रूजचा रविवार उजाडला. दुपारपासून सोंगं फिरू लागली. आमचे काइतानकाका पेशानं शिंपी, पण त्या दिवशी ते पुठ्ठ्याची टोपी घालून, गालांना पीठ फासून साहेब झाले होते. ते काठी आपटत भट्टीत शिरले. ‘कोण हाय रे हिकडे? किती माशा भाजल्यात आज पावात?’ असं म्हणत त्यांनी नातालला सलाम ठोकायला लावला. नाताल कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘सायबा, माश्यो सगळ्यो तुमच्या टोपयेर बसल्यो हत. पावाक कश्यो गावतल्यो?’

वडील हसले. खोकला येईपर्यंत हसले, भिंतीचा आधार घेऊन हसले. आई गेल्यापासून ते हसले नव्हते. मी कितीतरी वेळा प्रयत्न केला होता. शाळेतल्या गमती सांगितल्या होत्या, मास्तरांची नक्कल केली होती. ते ‘बरां, बरां’ म्हणत आणि पिठाकडं वळत. आणि हिनं आल्याबरोबर, माशांवरून, एका वाक्यात! मी घरात गेले. माझं काळीज करपलं, असं लिहिताना आता हसू येतं, पण तेव्हा मला खरोखरच छातीत काहीतरी जळल्यासारखं झालं होतं. बाहेर तबला-पेटी वाजत होती. मी आमच्या घरातल्या अल्ताराजवळ, म्हणजे देवाच्या फळीजवळ जाऊन बसले. तिथं मारियेच्या चित्राच्या मागं आईचा क्रूस होता.

तो क्रूस माडाच्या पातीचा. ईस्टरच्या आधीच्या रविवारी देवळात माडाच्या कोवळ्या पाती आशीर्वाद देऊन वाटतात, तेव्हाची. ज्याची त्यानं घरी न्यायची आणि वर्षभर देवाच्या चित्रामागं खोचून ठेवायची. बहुतेक लोक नुसती पट्टी नेतात, कुणी दुमडून साधा क्रूस करतो. माझी आई देवळाच्या पायरीवर बसून तिची वेणी घाली. तीन पदरांची, घट्ट. तिचे आडवे-उभे हात करून मधोमध गाठ, आणि वरच्या टोकाला एक इवलीशी गुंडाळी. हे तिच्या माहेरकडचं असावं. आमच्याकडं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मला ती शिकव म्हटलं की ‘फुडल्या वरसा शिकवतंय’ म्हणे. त्या वर्षीचा क्रूस तिनं असाच पायरीवर बसून विणला, आणि पावसाळ्यात ती गेली. पात आता वाळून पिवळी पडली होती, कडा कुरतडल्यागत झाल्या होत्या, पण वेणी सैल झाली नव्हती. तिनं केलेलं घरात आता एवढंच उरलं होतं. तिची लुगडी वाटून झाली होती. परातीत दुसऱ्या बाईचे हात होते. आणि हे उरलेलंही आता दोन दिवसांनी जाणार होतं.

कारण राखेच्या बुधवारची राख या जुन्या पातींचीच करायची असते. आशीर्वाद दिलेली वस्तू कुठं टाकता येत नाही, पायदळी येऊ देता येत नाही. ती अग्नीलाच द्यायची. म्हणून इंत्रूजच्या दिवसांत घरोघरच्या पाती गोळा करतात आणि आमच्या गावात त्या आमच्याच भट्टीत जाळत. आमच्या घराण्याचा तो मान होता. पाती गोळा करून आणायचं काम आईचं आणि माझं. राख फडक्यातून गाळायचं कामही आमचंच. त्या वर्षी सोमवारी वडिलांनी पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘जा गो, घरां फिरान ये.’

मी निघण्याआधी एक काम केलं. आईचा क्रूस मारियेच्या मागून काढला, भट्टीत नेला, आणि मळायच्या परातीच्या वर भिंतीला सां जुजे या आमच्या संताचं चित्र टांगलेलं होतं, त्याच्या मागं खोल सरकवून दिला. घरातल्या पाती गोळा करतात, भट्टीतल्या कोण बघतो? मग पाटी डोक्यावर घेऊन मी साऱ्या आळीच्या पाती मागत फिरले.

काइतानकाकांच्या घरी मशीनच्या बाजूला अजून साहेबाची टोपी पडलेली होती. त्यांची पात त्यांनी शिवणाच्या चिंध्यांतून शोधून काढली. बंदरावरच्या कारकुनाच्या घरी डुकराच्या मटणाचा वास दरवळत होता. कारकुनाची बायको नाक वर करून म्हणाली, ‘यंदा तू एकलीच?’ याच बाईनं एकदा माझ्या आईला तुझा पाव आंबट होतो असं चारचौघींत सांगितलं होतं. शेवटी रोझामावशीचं घर. तिचा नवरा तारवावर होता, तो कधीच परत आला नाही. तिनं चित्रामागची पात काढली, तिचं चुंबन घेतलं, आणि पाटीत टाकली. इतक्या सहज, की मला राहवलं नाही.

‘मावशे, पात दिताना दुख नाय होत तुका?’

‘कित्याक गो? जुनी जळल्याबगर नवी खंयसून येतली?’

तिचं बरोबर होतं. तिला नवी येणार होती. कुणाच्याही हातची पट्टी तिला चालत होती. मला नवी कोण विणून देणार होतं? ‘फुडल्या वरसा शिकवतंय’ म्हणणारी तर गेली होती. ती गेली आणि पुढचं वर्ष मात्र वेळेवर आलं. पाटीतल्या त्या साऱ्या पातींकडं बघून मला वाटलं, या लोकांना द्यायला एवढं सोपं जातं, कारण यांचं काही जात नाही. मला त्या सगळ्या घरांचा हेवा वाटला.

मंगळवारी भट्टीत नुसती झुंबड. सकाळचा पाव उतरला की भट्टीची धग वाया जाऊ नये म्हणून सगळ्या किरिस्तावांची भांडी आत येत. डुक्कर, कोंबडी, कुणाचं गोड. उद्यापासून चाळीस दिवस सुकी मासळी आणि आमटी, तेव्हा आज कुणी मागं राहत नसे. तुपाचा, मिरीचा, व्हिनेगाराचा वास भिंतींना चिकटे. भांडी गेल्यावर दुपारी भट्टी निवत आली, की मग पत्र्यावर पाती पसरून त्या आत सरकवायच्या. मी भंडारीण काकींकडं राख गाळायला मऊ जुनेराचा तुकडा मागायला गेले होते. आईचा फडका मला सापडत नव्हता. काकींनी आधी मला बसवलं, मग जुनेर शोधलं, मग ते झटकलं.

मी परत आले तर भट्टी झाडून लख्ख झालेली. नातालनं भिंतींवरचं पीठ आणि काजळी पुसून काढली होती. सां जुजेचं चित्र उतरवून, काच पुसून, परत टांगलं होतं. वडील भट्टीच्या तोंडाशी लांब फळी घेऊन उभे होते. आत पत्र्यावर पातींचा ढीग धुमसत होता, आणि सगळ्यांत वर, मधोमध, आईचा क्रूस.

‘तो कोणी घातल्यान?’ मी ओरडले.

नाताल माझ्याकडं वळली. ‘मी घातलंय. सां जुजेच्या फाटसून पडलो. कसो सुंदर विणलेलो, म्हणान सगळ्यांच्या वयर ठेवलंय. कित्या गो?’

‘तो माझ्या आवशीचो!’

तिचा हात पटकन वडिलांच्या हातातल्या फळीकडं गेला. पण तेवढ्यात पातीनं पेट घेतला होता. वडील भट्टीकडंच बघत म्हणाले, ‘आशीर्वादाची पात ती. जळूकच व्हयी. कोणाची का असाना.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं, यांनाही तो क्रूस ओळखता आला होता, आणि तरी यांनी तो आत जाऊ दिला.

क्रूस जळला, पण मोडला नाही. आजूबाजूच्या सुट्या पट्ट्या गुंडाळत, वळत, काळ्या पडत खाली बसल्या आणि तो तसाच राहिला. तीन पदर, मधली गाठ, टोकाची गुंडाळी, सगळं जसंच्या तसं. फक्त आता ते राखेचं होतं. मी काहीतरी म्हणणार होते, मला वाटतं ‘थांबा’ असंच म्हणणार होते. वडिलांनी सवयीप्रमाणं पत्र्याला फळीनं एक झटका दिला आणि सगळं एक झालं.

राख निवल्यावर ती मीच गाळली. नातालनं जुनेराचं एक टोक धरलं. मी नको म्हटलं नाही, कारण जुनेर एकटीला धरता येत नाही. मी बोटांनी राख ढवळत होते आणि यातली आईची कुठली, काइतानकाकांची कुठली, कारकुनाच्या बायकोची कुठली, हे शोधत होते. राख सगळी सारखीच करडी होती.

बुधवारी सकाळी देऊळ भरलेलं. कालपर्यंत तोंडाला पीठ फासणारे आज मान खाली घालून उभे. पाद्रीबाब वाटीतली राख अंगठ्यानं घेत होते आणि एकेकाच्या कपाळावर क्रूस काढत होते. तू माती आहेस आणि मातीतच जाणार आहेस, अशा अर्थाचं लॅटिनमध्ये पुटपुटत होते. बाकीचे आपापल्या मरणाचा विचार करत असतील. मी कपाळं बघत होते. काइतानकाकांच्या कपाळावर माझी आई गेली. रोझामावशीच्या गेली. कारकुनाच्या बायकोचं कपाळ चांगलं रुंद, तिथं तर पाद्रीबाबांनी दोनदा अंगठा फिरवला. जिनं तिचा पाव आंबट म्हटला तिच्या कपाळावर एवढी मोठी! सगळ्या गावाला माझी आई वाटली जात होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. असा मत्सर मला त्याआधी कधी झाला नाही आणि त्यानंतरही झालेला नाही. लुगड्यांचा, ओढण्यांचा, हसण्याचा मत्सर त्यापुढं पोरखेळ होता. देवाला मत्सर शोभतो म्हणतात. मला वाटतं, त्या सकाळी त्याला माझं सगळं कळत असणार.

माझ्या आधी नाताल होती. तिला लागली. मग माझी पाळी आली. पाद्रीबाबांचे डोळे अधू, वाटीतली राख संपत आलेली. अंगठा माझ्या कपाळाला जेमतेम टेकला.

मी देवळाच्या मागं, जांभ्याच्या गडग्याला टेकून पोटभर रडले. ऊन चढलं होतं. रडताना बाहीनं तोंड पुसत राहिले, लहान मुलं पुसतात तसं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. घरी येऊन वडिलांच्या दाढीच्या आरशात बघितलं तेव्हा कपाळ स्वच्छ होतं. बाहीवरही काही दिसेना.

उपासाचा दिवस असला तरी गाव किरिस्ताव नव्हतं. बंगल्याला, हॉटेलाला, मोहल्ल्याला पाव हवाच होता. दुपारी भट्टी पेटलेली होती. मी मागच्या दारानं आत गेले. नाताल परातीशी उभी राहून पीठ मळत होती. कपाळाच्या वर, केसांच्या मुळाशी, तिनं पंच्याची पट्टी आवळून बांधली होती. घाम पट्टीत जिरत होता आणि उरलेला कानशिलांवरून गळत होता. मान तिनं मागं कललेली ठेवली होती. अशी मान ठेवून पीठ मळायला फार त्रास होतो, हे मला ठाऊक होतं. भट्टीच्या तोंडाशी ती जात नव्हती, ते वडील बघत होते.

तिच्याशी मी आपणहून कधी बोललेले नव्हते. त्या दिवशी बोलले.

‘डोक्यां दुखता?’

‘नाय गो.’ ती मळायची थांबली. ‘भट्टीकडे घाम येता मगे. कपाळार उतारलो तर सगळी राख व्हावान जायत. तुझ्या आवशीचो खुरीस आसा त्यात. माझ्या हातसून जळलो, आता इतक्यां तरी सांबाळूया.’

तिच्या कपाळावर तो तसाच होता. करडा, ठसठशीत, दोन्ही हात सरळ. साऱ्या गावात तेवढाच राहिला असेल. बाकीच्यांचे घामानं, पाण्यानं, पदरानं पुसले गेले असतील; माझा तर मीच पुसला होता. माझ्या आईचं जे काही उरलं होतं, ते या बाईच्या कपाळावर होतं, आणि तिनं ते माझ्यापेक्षा नीट राखलं होतं. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी पुढं झाले आणि हात वर केला. तिनं पिठाचे हात बाजूला धरले. मी अंगठ्यानं तिच्या कपाळावरची राख पुसून घेतली आणि माझ्या कपाळाला लावली. मग पुन्हा घेतली. उभी रेघ, आडवी रेघ, सगळी. तिच्यासाठी कणभरसुद्धा ठेवली नाही. पट्टीच्या कडेला थोडी राहिली होती, तिथं माझा हात पोचेना. ती खाली वाकली.